अप्रोच उडवला कोणी?

इन्स्ट्रुमेंट रेटिंग असलेल्या वैमानिकाला ढगांतून, निव्वळ उपकरणांच्या आधारे विमान नेण्याचा अधिकार टिकवायचा असेल, तर अमेरिकेच्या नियमांप्रमाणे त्याने मागील सहा महिन्यांत किमान सहा इन्स्ट्रुमेंट अप्रोच, म्हणजे उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे उतरत येणे, केलेले असावे लागतात, होल्डिंगचा, म्हणजे ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबण्याचा, सराव झालेला असावा लागतो आणि नेव्हिगेशन यंत्रणेवरील मार्ग पकडून तो राखल्याची नोंद त्याच्या लॉगबुकात असावी लागते. नियम नेमका आहे आणि तपासायलाही सोपा आहे. मात्र ते सहा अप्रोच वैमानिकाने स्वतःच्या हाताने उडवले की ऑटोपायलटकडून उडवून घेतले, हा प्रश्न तो विचारत नाही. सहाही अप्रोच ऑटोपायलटवर सोडणाऱ्याचा अधिकार जितका शाबूत राहतो, तितकाच ऑटोपायलटचे बटण सहा महिन्यांत एकदाही न दाबणाऱ्याचाही राहतो. यातल्या पहिल्याचा ऑटोपायलट ऐन ढगात बंद पडला तर तो विमान सांभाळू शकेल काय, हे या नोंदींवरून कळत नाही. आणि दुसऱ्यावर रात्री, खराब हवेत, अनोळखी विमानतळावर ऑटोपायलट वापरण्याची वेळ आली तर तो योग्य मोड निवडू शकेल काय, हेही कळत नाही. माझ्या मते ही दोन स्वतंत्र कौशल्ये आहेत, दोन्ही न वापरल्याने झिजतात, आणि परवाने देणाऱ्या यंत्रणांनी ती वेगवेगळी मोजली पाहिजेत.

या विषयावरची चर्चा बहुधा दोन टोकांवर अडकलेली दिसते. एका टोकाला हाताने उडवतो तोच खरा वैमानिक असे मानणारे आहेत, तर दुसऱ्या टोकाला माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही, म्हणून माणसाने शक्य तितके कमी ढवळावे असे मानणारे. दोन्ही बाजू ऑटोपायलट किती वापरावा यावर वाद घालतात. तो वापरणाऱ्याला नेमके काय यायला हवे आणि ते येते की नाही हे कोणी व कसे पाहावे, याकडे त्या मानाने फार थोडे लक्ष जाते.

ऑटोपायलटची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. समतोल सांगणारा माणसाचा आतला कान सावकाश होणारी वळणे ओळखू शकत नाही. ढगात क्षितिज दिसेनासे झाले की विमान एका बाजूला झुकत असतानाही आपण सरळ चाललो आहोत असे शरीर ठामपणे सांगत राहते. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना अशा परिस्थितीची नक्कल करून उडवायला लावले, तेव्हा सगळ्यांचाच विमानावरचा ताबा सुटला आणि तो सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. प्रशिक्षणाने कान सुधारत नाही. कानाचे न ऐकता उपकरणांवर नजर फिरवत राहण्याची सवय तेवढी लागते. ही नजर सतत फिरती ठेवावी लागते आणि नेमक्या त्याच वेळी वैमानिकाला अप्रोचचा नकाशा वाचायचा असतो, फ्रीक्वेन्सी बदलायची असते, नियंत्रकाला उत्तर द्यायचे असते, इंधनाचा हिशेब करायचा असतो आणि धावपट्टी दिसलीच नाही तर कुठे वळायचे हे ठरवून ठेवायचे असते. प्रवासी जेटमध्ये ही कामे दोघांत वाटली जातात. एका इंजिनाच्या छोट्या विमानात ती सगळी एकट्या माणसावर पडतात, आणि तिथे दिशा व उंची निमूटपणे राखणारा ऑटोपायलट हा त्याचा सर्वांत मोठा आधार असतो. चांगला ऑटोपायलट उपलब्ध असताना दाट ढगात एकट्याने तो बंद ठेवून अप्रोच करण्याला काही जण मर्दुमकी समजतात. मला ते कामाचे चुकीचे नियोजन वाटते.

काही परिस्थितींत तर माणसाच्या हाताला परवानगीच नसते. आयएलएस ही धावपट्टीजवळून सोडलेल्या रेडिओ संकेतांवर विमान उतरवण्याची यंत्रणा. तिच्या साध्या, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या अप्रोचमध्ये वैमानिक साधारण २०० फूट उंचीपर्यंत खाली येऊन धावपट्टी दिसते का ते पाहतो आणि धावपट्टीवरची दृश्यमानता किमान ५५० मीटर असावी लागते. तिसऱ्या श्रेणीत ही उंची १०० फुटांच्या खाली जाते किंवा नाहीशीच होते, आणि हेड-अप डिस्प्लेवर, म्हणजे नजरेसमोरच्या पारदर्शक पडद्यावर पाहत, हाताने उतरण्याची मुभा असलेल्या मोजक्या विमानांचा अपवाद सोडला तर तिथे विमान ऑटोपायलटच उतरवतो. १० जून १९६५ रोजी बीईए या ब्रिटिश विमान कंपनीच्या ट्रायडेंट विमानाने प्रवासी घेऊन हीथ्रोवर स्वयंचलित रीतीने चाके टेकवली, तेव्हापासून धुक्यातल्या विमानतळांचा कारभार या यंत्रणेवर उभा राहत गेला. त्याच्या अर्धशतक आधी, १९१४ मध्ये, लॉरेन्स स्पेरी याने पॅरिसजवळ जायरोस्कोपवर चालणारे स्थिरक दाखवताना दोन्ही हात वर केले होते आणि त्याचा मेकॅनिक पंखावर जाऊन उभा राहिला होता. हात मोकळे झाल्याचे दाखवण्याची ती हौस विमाने विकणाऱ्यांमधून अजून पुरती गेलेली नाही.

हात मोकळे झाले तरी लक्ष मोकळे होत नाही, आणि अडचणीची सुरुवात इथे होते. आयएलएस अप्रोचचेच उदाहरण घेऊ. लोकलायझर १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशी लहर सोडतो की धावपट्टीच्या मध्यरेषेच्या एका बाजूला ९० हर्ट्झचा आणि दुसऱ्या बाजूला १५० हर्ट्झचा अंश जास्त असतो. दोन्ही सारखे होतात ती मध्यरेषा. ग्लाइडस्लोप हेच तत्त्व उभ्या दिशेत वापरून साधारण तीन अंशांची उतरण आखून देतो. नियंत्रक वैमानिकाला एक दिशा देतो, वैमानिक ती हेडिंग मोडमध्ये भरतो, उंची ऑल्टिट्यूड होल्डवर असते, आणि मग तो अप्रोचचे बटण दाबतो. इथपर्यंत ऑटोपायलटने मध्यरेषा पकडलेली नसते. मोड फक्त सज्ज, म्हणजे आर्म झालेला असतो. लोकलायझरची सुई हलू लागली आणि ती योग्य कोनातून आली, तरच ऑटोपायलट हेडिंग सोडून तिच्यामागे जातो. बटण दाबायचे राहिले, तर विमान दिलेल्या दिशेने, इमानेइतबारे, मध्यरेषा ओलांडून पलीकडे निघून जाते. छोट्या विमानांत बऱ्याचदा जीपीएस आणि रेडिओ रिसीव्हर या दोन्हींचा मार्ग एकाच निर्देशकावर दाखवला जातो आणि कोणता स्रोत चालू आहे ते एका बटणाने ठरते. आयएलएससाठी ते बटण फिरवायचे राहिले, तर ऑटोपायलट जीपीएसच्या रेषेवर अगदी सरळ जात राहतो, सगळे काही ठीक चालल्यासारखे दिसते, आणि ग्लाइडस्लोप मात्र पकडला जात नाही. विमान उतरायला लागलेच नाही हे वैमानिकाच्या लक्षात यावे लागते.

ग्लाइडस्लोप खालून पकडायचा असतो, या साध्या सूचनेमागेही मोठे कारण आहे. अँटेनाच्या रचनेमुळे तीन अंशांच्या खऱ्या उतरणीच्या बऱ्याच वर, साधारण नऊ अंशांवर, एक खोटी उतरण तयार होते आणि मधल्या भागात संकेत उलटाही होतो. नियंत्रकाने विमान उशिरापर्यंत उंच ठेवले आणि वैमानिक वरून खाली येत ग्लाइडस्लोपची वाट पाहत राहिला, तर ऑटोपायलट खोट्याला खरे मानू शकतो. २०१३ मध्ये आइंडहोवेनला उतरणाऱ्या एका बोइंग ७३७ च्या बाबतीत असेच घडले. ऑटोपायलटने संकेताच्या मागे लागून विमानाचे नाक एकाएकी वर उचलले, वेग घसरला आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपण्याचा, इशारा देणारा स्टिक शेकर थरथरला. वैमानिकांनी विमान सावरले आणि पुन्हा फेरी मारली.

वर सांगितलेल्या एकाही प्रसंगात ऑटोपायलट बिघडलेला नाही. त्याने सांगितले ते केले. काय सांगितले गेले आहे, हे समोरच्या पट्टीवरच्या चार-सहा अक्षरांत लिहिलेले असते. ती पट्टी वाचणे, बटण दाबल्यावर अपेक्षित अक्षरे आली की नाही ते पाहणे आणि न आल्यास कारण शोधत बसण्याआधी विमान हातात घेणे, हे ते कौशल्य आहे ज्याला नियम जवळजवळ हात लावत नाहीत. त्याची किंमत अनेकदा चुकवली गेली आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी पाडले गेलेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे उड्डाण अँकरेजहून निघाल्यापासून आपल्या मार्गापासून हळूहळू दूर जात राहिले. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या १९९३ च्या अहवालानुसार ऑटोपायलट मार्ग राखणाऱ्या इनर्शियल नेव्हिगेशन यंत्रणेशी जोडला जाण्याऐवजी हेडिंगवर राहिला होता, किंवा विमान मार्गाच्या पकडीबाहेर गेल्यावर तो जोडला गेला होता. पाच तासांहून अधिक काळ कॉकपिटमध्ये कोणालाही ते जाणवले नाही. २६९ माणसे गेली. पाडणाऱ्यांची जबाबदारी त्यामुळे तिळमात्र कमी होत नाही, पण विमान तिथे कसे पोहोचले याचे उत्तर एका स्विचच्या जागेत आहे.

मला याहून अधिक बोलके वाटते ते २० जानेवारी १९९२ चे उदाहरण. एअर इंटरचे ए-३२० विमान स्ट्रासबुर्गला उतरताना सेंट ओडिल डोंगरावर आदळले आणि ८७ जण मरण पावले. उतरण अंशांत सांगायची की फूट प्रतिमिनिटात, हे त्या विमानात एका बटणाने ठरत असे आणि आकडा दोन्हींसाठी एकाच खिडकीत दिसत असे. उणे ३.३ अंश हवे असताना उणे ३३, म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट, असा आदेश गेला असावा, हे चौकशीतून पुढे आलेले सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण होते. त्या वेगाला ३.३ अंशांची उतरण म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० फूट. विमानात जमिनीच्या जवळीकीचा इशारा देणारी यंत्रणा बसवलेली नव्हती. पुढे एअरबसने उतरणीचा वेग चार आकड्यांत दाखवायला सुरुवात केली, आणि तो बदल योग्यच होता. तरीही केवळ आकड्यांची खिडकी मोठी करून प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. मिनिटाला ३,३०० फूट या वेगाने खाली जाणाऱ्या विमानाची उंची आणि धावपट्टीपासूनचे अंतर यांचा मेळ बसत नाही, हे मनातल्या मनात करण्यासारखे गणित आहे: तीन अंशांच्या उतरणीवर एका सागरी मैलाला साधारण ३०० फूट. ज्याला हाताने अप्रोच करायची सवय असते तो हे गणित सतत करत असतो, कारण त्याच्याशिवाय त्याचे चालतच नाही. ज्याचे विमान नेहमी ऑटोपायलट उतरवतो, त्याचे ते सुटत जाते. म्हणून ही दोन कौशल्ये वेगवेगळी मोजायची असली, तरी ती एकमेकांच्या आड येत नाहीत. एकाचा सराव दुसऱ्याला धार लावतो.

यंत्रणा कधी विश्वासार्ह नसते, हेही ऑटोपायलट सांगत नाही. ३ नोव्हेंबर २०११ रोजी म्युनिकला सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ स्वयंचलित रीतीने उतरत असताना समोरून उड्डाण करणाऱ्या दुसऱ्या विमानामुळे लोकलायझरचा संकेत हलला आणि चाके टेकता टेकता विमान धावपट्टीबाहेर गवतात गेले. कोणाला इजा झाली नाही. धुक्याच्या दिवशी विमानतळ आयएलएसच्या अँटेनांसमोरचा संवेदनशील भाग मोकळा ठेवतो. त्या दिवशी दृश्यमानता पुरेशी असल्याने तसे बंधन लागू नव्हते. म्हणजे ज्या हवेत ऑटोलँडिंगची गरज कमी, त्याच हवेत त्याला मिळणारा संकेत कमी राखलेला, असा हा विरोधाभास आहे. उपग्रहांचेही तसेच. अमेरिकेची वास, युरोपची इग्नॉस आणि भारताची गगन यांसारख्या पूरक प्रणालींमुळे जमिनीवर एकही अँटेना नसलेल्या धावपट्टीवर उभ्या मार्गदर्शनासह उतरणे शक्य झाले, ही फार मोठी सोय आहे. पण अलीकडच्या वर्षांत पूर्व भूमध्य समुद्राच्या आणि बाल्टिकच्या परिसरात जीपीएसचे संकेत दडपण्याचे आणि खोटे संकेत सोडण्याचे प्रकार इतके वाढले आहेत की पडद्यावरची रेषा दुसऱ्या उपकरणाशी ताडून पाहण्याची जुनी सवय पुन्हा गरजेची झाली आहे.

आणि मग ऑटोपायलट ज्या गोष्टी झाकतो त्या. १९ फेब्रुवारी १९८५ रोजी चायना एअरलाइन्सच्या ७४७ विमानाचे एक इंजिन ४१,००० फुटांवर निकामी झाले. ऑटोपायलट एका बाजूला वाढत चाललेली ओढ एलेरॉनने, म्हणजे पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांनी, निमूट सोसत राहिला, वेग घसरत गेला, आणि तो अखेर बंद केला तेव्हा विमान उलटून सुमारे ३०,००० फूट कोसळले. ते सावरले आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, हे नशीब. १९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ विमानाच्या पंखांवर बर्फ साचत असताना विमानाच्या वागण्यातला बदल वैमानिकांच्या हाताला कळायला वाव नव्हता, कारण विमान ऑटोपायलटच्या ताब्यात होते. तो अचानक सुटला तेव्हा फार उशीर झाला होता. ६८ जण मरण पावले. तीव्र बर्फात ऑटोपायलट वापरू नये, असे निर्बंध त्यानंतर अशा विमानांवर आले. कंट्रोलवर हात असता तर जड झालेले विमान आधीच बोलले असते. जड विमानात किंवा असमतोल ट्रिममध्ये, म्हणजे कंट्रोलवर एका बाजूचा ताण साचलेला असताना, ऑटोपायलट बंद करताना कंट्रोल घट्ट धरायचे असतात, हे पुस्तकात लिहिलेले असते. ते प्रत्यक्ष कसे लागते, हे किती जणांनी अनुभवलेले असते?

हाताचे कौशल्य झिजण्यामागे आळस हे एकच कारण नाही. काही ठिकाणी नियमांनीच ती झीज घडवली आहे. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात पूर्वी दोन विमानांमध्ये २,००० फुटांचे उभे अंतर ठेवले जाई. ते १,००० फुटांवर आणताना विमानात उंची आपोआप राखणारी यंत्रणा सक्तीची झाली. आकाशातली गर्दी पाहता हे योग्यच होते. पण त्यामुळे त्या उंचीवर, जिथे हवा विरळ असते आणि विमान कंट्रोलच्या लहानशा हालचालीलाही वेगळा प्रतिसाद देते, तिथे हाताने उडवण्याची संधी जवळजवळ संपली. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ या उड्डाणात वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचून वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले आणि ऑटोपायलट सुटला. नळ्या मिनिटाभराच्या आत मोकळ्या झाल्या. पण तोवर हातात आलेले विमान नाक वर करून चढले, स्टॉल झाले, आणि ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात पडले. २२८ जण गेले. त्या उंचीवर वेगाचे आकडे गेलेले असताना विमान हाताने स्थिर ठेवणे हे अशक्य काम नाही. ते कधी करून पाहिलेले नसणे, ही खरी अडचण होती.

अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेने जानेवारी २०१३ मध्ये विमान कंपन्यांना सूचना केली की योग्य परिस्थितीत वैमानिकांना हाताने उडवू द्यावे. सूचना, सक्ती नव्हे. तीन वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालाने नोंदवले की कंपन्यांच्या वैमानिकांचे हाताने उडवण्याचे कौशल्य पुरेसे आहे की नाही हे ठरवण्याची नीट पद्धत एफएएकडे नाही. दरम्यान, ६ जुलै २०१३ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोला स्वच्छ हवेत, धावपट्टी समोर दिसत असताना एशियानाचे बोइंग ७७७ समुद्राकाठच्या बांधावर आदळले. त्या दिवशी ग्लाइडस्लोप बंद होता. विमान उंच राहिल्यावर वैमानिकाने निवडलेल्या मोडने ते वर चढू लागले, म्हणून त्याने ऑटोपायलट बंद करून थ्रॉटल मागे खेचले. त्यामुळे इंजिनांची शक्ती आपोआप राखणारा ऑटोथ्रॉटल होल्डमध्ये, म्हणजे निष्क्रिय अवस्थेत, गेला आणि वेग राखण्याचे काम कोणाकडेच उरले नाही, हे वेळेत कोणाच्या ध्यानात आले नाही. १३७ नॉट हवे असताना वेग १०३ च्या आसपास घसरला. ज्यांना हा हाताच्या कौशल्याचा अभाव वाटतो आणि ज्यांना मोडच्या ज्ञानाचा अभाव वाटतो, ते दोघेही बरोबर आहेत.

माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की हवाई प्रवास ऑटोपायलटच्या काळातच इतका सुरक्षित झाला आहे, आणि मोजके अपघात उकरून काढून त्याच्यावर बोट ठेवणे म्हणजे टळलेल्या असंख्य अपघातांकडे पाठ फिरवणे होय. यातला पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. माझी मागणी ऑटोपायलट कमी वापरण्याची नाहीच. दुसरा आक्षेप असा की प्रवाशांना घेऊन सराव करणे हा धोका आहे. तो गर्दीच्या विमानतळावर, खराब हवेत, दमलेल्या वैमानिकाच्या बाबतीत खराच आहे. स्वच्छ हवेत, मोकळ्या आकाशात तो फार कमी उरतो, आणि उरलेला भाग सिम्युलेटरमध्ये भरून काढता येतो. तिसरा आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो: २०२० मध्ये अमेरिकेत छोट्या विमानासाठी अशी यंत्रणा मान्य झाली की वैमानिक बेशुद्ध पडल्यास एका बटणावर ती विमानतळ निवडते, नियंत्रकाला कळवते आणि विमान उतरवून थांबवते, मग दहा-वीस वर्षांत निरर्थक ठरणाऱ्या कौशल्याची मोजदाद कशाला? ही यंत्रणा विलक्षण आहे, तिचे स्वागतच आहे. परंतु ती जागेवर माणूस नसल्यावर वापरायची आहे, आणि आजच्या व पुढच्या कित्येक वर्षांच्या विमानांत जागेवर माणूसच असणार आहे. तो आहे तोवर तो काय करू शकतो, हे पाहण्याची जबाबदारी परवाना देणाऱ्यावर राहते.

काय करता येईल, याचे नमुने नियमांतच विखुरलेले आहेत. अमेरिकेत भाडोत्री उड्डाणांमध्ये सहवैमानिकाऐवजी ऑटोपायलट वापरण्याची परवानगी असलेल्या वैमानिकाला ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत एकट्याने, ऑटोपायलट वापरून आणि न वापरता, अशा दोन्ही प्रकारे इन्स्ट्रुमेंट उड्डाण नीट करता येते हे दाखवावे लागते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या परीक्षेत, विमानात ऑटोपायलट असेल तर किमान एक नॉन-प्रिसिजन, म्हणजे ग्लाइडस्लोपसारखे उभे मार्गदर्शन नसलेला, अप्रोच त्याच्यावर करून दाखवावा लागतो. दोन्ही तरतुदी अचूक ठिकाणी बोट ठेवतात. उणीव एवढीच की पहिली एका लहान गटापुरती आहे आणि दुसरी परीक्षेच्या दिवसापुरती. त्यानंतर खासगी वैमानिक आयुष्यभर सहा महिन्यांचे सहा अप्रोच मोजत राहतो आणि ते कसे केले ते कोणी विचारत नाही. युरोपात इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे नूतनीकरण दरवर्षी परीक्षकासमोर होते, ही पद्धत मला अधिक चांगली वाटते. पण तिथेही, एका इंजिनाच्या छोट्या विमानांमध्ये मागे घेता येणारी चाके, टेलव्हील किंवा इलेक्ट्रॉनिक पडद्यांचे कॉकपिट यांच्यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्या यादीत ऑटोपायलट नाही. म्हणजे चाके वर घ्यायला शिकल्याची नोंद लागते; ज्या यंत्राच्या हाती ढगात सगळे विमान सोपवायचे, ते शिकल्याची लागत नाही. एका विमानातला ऑटोपायलट दुसऱ्यातल्यापेक्षा वेगळा असतो, बटणांची नावे वेगळी असतात, बंद पडताना एक मोठ्याने वाजतो आणि दुसरा दिवा लुकलुकवून गप्प होतो. भाड्याने विमान घेणारा वैमानिक हे सगळे बऱ्याचदा हवेत शिकतो.

तेव्हा मागणी अवाजवी नाही. सहा अप्रोचचा नियम राहू द्यावा, पण त्यातले किमान दोन ऑटोपायलट आणि विमान कुठे वळवायचे ते पडद्यावर दाखवणारा फ्लाइट डायरेक्टर बंद ठेवून, कच्च्या सुयांवर, हाताने केलेले असावेत आणि किमान दोन ऑटोपायलटवर, मोड मोठ्याने वाचत केलेले असावेत. उरलेले दोन वैमानिकाच्या मर्जीवर सोडावेत. लॉगबुकात त्यासाठी एक रकाना पुरेल. हे आकडे माझे आहेत आणि त्यांवर जरूर वाद व्हावा. ज्या विमानात ऑटोपायलट नाही, तिथे दुसरा भाग सिम्युलेटरवर होऊ शकतो. सिम्युलेटरवरचे अप्रोच मोजण्याची मुभा आजही आहे. रकान्यात खोटे लिहिले जाईल, अशी शंका काहींना येईल. येईलच. लॉगबुकातला प्रत्येक रकाना आजही वैमानिकाच्या सचोटीवर चालतो, आणि ज्याला खोटे लिहायचे आहे तो सहा अप्रोचही खोटे लिहितो.

याहून अधिक उपयोगाची गोष्ट तपासणीच्या उड्डाणात करता येईल, आणि तिला नवा कायदाही लागणार नाही. परीक्षकाने लोकलायझर पकडल्यानंतर आणि ग्लाइडस्लोप पकडला जाण्याच्या जरा आधी ऑटोपायलट बंद पाडावा, किंवा विमान मुद्दाम उंच ठेवून अप्रोच मोड आर्म करू द्यावा, आणि वैमानिक काय करतो ते पाहावे. काही जण विमान हातात घेऊन अप्रोच पुढे नेतील, काही जण वर निघून पुन्हा फेरी मारतील, आणि दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. चिंता करायची ती त्यांची, जे विमान तसेच सोडून बटणे दाबत बसतील. आजच्या मोजमापात त्यांचेही सहा अप्रोच पूर्ण भरलेले असतात.